कोषागाराच्या नावाने फोन आला आणि आईने आधार क्रमांक सांगितला. आता काय करावे?

मनीषनगरवाले

नमस्कार. माझी आई राज्य शासनाच्या नागपुरातील एका कार्यालयातून निवृत्त झाली असून तिचे निवृत्तिवेतन आमच्या भागातल्या बँकेच्या शाखेत जमा होते. मागील आठवड्यात दुपारी ती घरात एकटी असताना तिला एक फोन आला. बोलणाऱ्याने आपण कोषागार कार्यालयातून बोलत असल्याचे सांगितले, तिचे पूर्ण नाव, निवृत्तीचे वर्ष आणि पीपीओ (निवृत्तिवेतन अदायगी आदेश) क्रमांकाचे शेवटचे आकडे स्वतःहून वाचून दाखवले, आणि हयातीच्या दाखल्याच्या यादीत यंदा तिची नोंद दिसत नसल्यामुळे आजच दुरुस्ती न केल्यास निवृत्तिवेतन थांबेल, असे अगदी समजुतीच्या सुरात सांगितले. आई नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात बँकेत जाऊन यादीवर सही करून आली होती, त्यामुळे सही कुठेतरी नोंदवायची राहिली असावी असेच तिला वाटले.

तिने आधार क्रमांक आणि जन्मतारीख सांगितली व पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यानंतर ओटीपी आला. हा क्रमांक कोणालाही सांगू नये असे त्या संदेशातच लिहिलेले आहे, हे तिने त्या माणसाला वाचून दाखवले, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, वो बाहरवालों के लिए लिखा रहता है, हम तो विभाग से बोल रहे हैं." मुलगा संध्याकाळी आल्यावर सांगते, असे ती म्हणताच त्याचा आवाज एकदम चढला आणि तिने फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला; त्यात पोलिसी गणवेशातला माणूस तिच्या आधारवर मुंबईत कुणीतरी खाते उघडल्याचे सांगू लागला. तोही तिने बंद केला.

पैसे गेलेले नाहीत. मात्र जी माहिती त्यांच्या हाती गेली आहे तिचा उपयोग करून ते काय करू शकतात, आणि ते रोखण्यासाठी आम्ही काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. दुसरी अडचण अशी की शासकीय कार्यालयांचे खरे फोनही अधूनमधून येतातच. आईच्या वयाच्या व्यक्तीने खरा फोन आणि खोटा फोन यांतला फरक कसा ओळखावा?

निवृत्त शाखाधिकारी

तुमच्या मातोश्रींनी ओटीपी दिला नाही, हे सर्वांत महत्त्वाचे. त्या सहा आकड्यांसाठीच हा सारा खटाटोप असतो.

गेलेल्या माहितीपैकी प्रत्येक गोष्टीचे वजन वेगवेगळे आहे. केवळ खाते क्रमांक आणि आयएफएससी कळल्याने कोणाला खात्यातून पैसे काढता येत नाहीत. ती माहिती प्रत्येक धनादेशावर छापलेली असतेच. मात्र पासबुकाच्या पहिल्या पानावर ग्राहक क्रमांक, पत्ता आणि बहुधा छायाचित्रही असते, व त्या आधारे नेट बँकिंगची नोंदणी करण्याचा प्रयत्न होऊ शकतो. असा प्रयत्न अडतो तो पुन्हा ओटीपीपाशीच. म्हणून आता मोबाईल क्रमांकाची राखण करणे हेच खात्याची राखण करणे होय. फोनला अचानक बराच वेळ नेटवर्क येईनासे झाले, तर दुसऱ्या कोणी तुमच्या क्रमांकाचे सिमकार्ड काढले नाही ना, याची चौकशी त्याच दिवशी कंपनीच्या अधिकृत दुकानात जाऊन करावी. तसेच बोलण्याच्या भरात एखादा स्टार-हॅशचा क्रमांक फिरवायला लावून कॉल दुसऱ्याच्या फोनकडे वळवून घेण्याची युक्तीही वापरली जाते, कारण मग आवाजी ओटीपी त्यांच्याकडे जातो. मातोश्रींच्या फोनवरून *#२१# फिरवल्यास कॉल वळवलेले आहेत की नाहीत ते दिसते, आणि ##००२# फिरवल्यास वळवलेले सगळे कॉल रद्द होतात.

मला अधिक काळजी आधारची वाटते. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्या तीन गोष्टींवर बँक मित्राच्या (बँकेने नेमलेल्या स्थानिक प्रतिनिधीच्या) यंत्रातून रोख रक्कम काढता येते. त्यांपैकी दोन गोष्टी आता त्यांच्यापाशी आहेत आणि जमिनीच्या दस्तांवरील ठशांच्या नकला करून अशी काढणी झाल्याचे गुन्हे देशात नोंदवले गेलेले आहेत. यावर उपाय सोपा आहे. एमआधार ॲपमध्ये किंवा आधारच्या संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करण्याची सोय आहे. लॉक केल्यावर बोट, डोळा, चेहरा यांपैकी कशानेही त्या आधारवर पडताळणी होत नाही. एक गोष्ट मात्र विसरू नका: रेशन दुकानात अंगठा लावताना किंवा पुढच्या वर्षी जीवन प्रमाण (हयातीचा डिजिटल दाखला) मोबाईलवरून करायचे ठरवल्यास ते तात्पुरते उघडावे लागेल, नाहीतर यंत्र बिघडले म्हणून दुकानदाराशी वाद घालत बसाल. त्याच संकेतस्थळावर मागील सहा महिन्यांत आधारची पडताळणी कुठे-कुठे झाली याची नोंदही पाहता येते, ती एकदा डोळ्यांखालून घाला. आधारवरून होणारी रोख काढणी खात्यापुरती बंद करता येईल का, हेही शाखेत लेखी अर्ज देऊन विचारावे.

त्यांच्या नावावर भलतीच सिमकार्डे निघालेली नाहीत ना, हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर कळते. तिथे मोबाईल क्रमांक टाकून ओटीपी दिला की त्या व्यक्तीच्या नावावरील सर्व क्रमांक दिसतात आणि अनोळखी क्रमांकापुढे तो माझा नाही असे नोंदवता येते.

खामल्याचा वाचक

माझ्या मते इतका घोळ घालण्यापेक्षा ज्येष्ठांनी अनोळखी क्रमांकाचा फोन उचलूच नये, हे बरे. आता बँका, विमा कंपन्या आणि शासकीय यंत्रणा यांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांकमालिका ठरवून दिलेली आहे. एसएमएसच्या बाबतीतही पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी एक अक्षर येते. शासकीय संदेशाला जी, व्यवहाराच्या संदेशाला टी, जाहिरातीला पी. एवढे पाहायला शिकवले की काम भागते.

निवृत्त शाखाधिकारी

आपण सांगितलेल्या खुणा खऱ्या आहेत आणि त्या शिकवाव्यातही. पण त्यांच्यावर सारी भिस्त ठेवण्यात मला धोका दिसतो. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कार्यालयातला लिपिक आजही स्वतःच्या मोबाईलवरूनच फोन करतो आणि तो खरा असतो, म्हणजे १६०० नाही म्हणून खोटा असे म्हणता येत नाही. उलट परदेशातून केलेला कॉल भारतातल्या साध्या क्रमांकासारखा दाखवण्याचे तंत्रही आहे. कॉल करणाऱ्याचे नाव दाखवणारी जी ॲप आपण वापरतो, त्यांतली बरीचशी नावे लोकांनीच भरलेली असतात, त्यामुळे तिथे पोलीस किंवा सायबर शाखा असे झळकल्याने काहीही सिद्ध होत नाही. भाषेवरूनही ओळखू येत नाही. आपल्या नागपुरात तर भाजीवाल्यापासून साहेबापर्यंत सगळेच पहिल्या वाक्याला हिंदीत शिरतात, तेव्हा हिंदीत बोलणारा तो बाहेरचा, असे म्हणायची सोय इथे नाही.

म्हणून फोन खरा की खोटा हे फोन चालू असताना ठरवण्याचा प्रयत्नच करू नये, असे माझे ठाम मत आहे. समोरच्याला आपले नाव, पीपीओ आणि शाखा ठाऊक असणे हा त्याच्या अधिकाराचा पुरावा मानायचा नाही. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, नाव व पद विचारावे, मी कार्यालयाकडे चौकशी करते असे सांगून फोन ठेवावा, आणि मग पासबुकावर, वीजबिलावर किंवा पीपीओच्या कागदावर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा. गुगलवर शोधलेल्या क्रमांकावर मात्र नको, कारण तिथेही खोटे मदत क्रमांक पेरलेले आढळतात. खऱ्या कार्यालयातला माणूस याला हरकत घेत नाही, फार तर कंटाळून "ठीक आहे, या मग" म्हणतो. तुमच्या मातोश्रींनी मुलगा येऊ द्या म्हणताच त्या गृहस्थांचा आवाज चढला, यातच सगळे आले.

आणखी एक. रात्री साडेनऊला वीज कापणार, असा संदेश महावितरणच्या नावाने येतो तेव्हाही हेच करावे. महावितरणचा १९१२ हा क्रमांक कधीही लागतो आणि थकबाकी आहे की नाही ते तिथे मिनिटभरात कळते.

सदरचा वकील

मूळ प्रश्नातल्या दुसऱ्या दिवशीच्या व्हिडिओ कॉलबद्दल लिहितो, कारण माझ्या पाहण्यात मोठ्या रकमा जातात त्या तिथे. पहिल्या फोनवर मिळालेली माहिती दुसऱ्या फोनवर धाक घालण्यासाठी वापरली जाते. तुमच्या आधारवर खाते उघडले, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या सिमवरून अश्लील संदेश गेले, अशी कथा बदलत राहते. पुढचा टप्पा मात्र ठरलेला असतो. खोलीचे दार लावून घ्या, कॅमेरा बंद करू नका, घरच्यांना सांगाल तर त्यांनाही आरोपी करू, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत खात्यातील रक्कम पडताळणीसाठी रिझर्व्ह बँकेच्या खात्यात वळवा.

कायद्याच्या दृष्टीने यातले एकही वाक्य टिकत नाही. डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरूनच अटक, अशी तरतूद भारतातील कोणत्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे स्पष्ट सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली पोलिसांना एखाद्याला हजर राहण्याची नोटीस देता येते, पण ती व्हॉट्सॲपवर पाठवणे ही योग्य बजावणी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सर्व राज्यांना बजावलेले आहे. त्याच संहितेच्या कलम १७९ नुसार साक्षीदार म्हणून माहिती घ्यायची असली तरी कोणत्याही वयाच्या स्त्रीला आणि ६० वर्षांवरील पुरुषाला ती व्यक्ती राहते त्या ठिकाणाखेरीज इतरत्र हजर राहण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही. म्हणजे आईंकडे खरोखर चौकशी करायची असती, तर पोलीस मनीषनगरातील तुमच्या घरी आले असते. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची झाल्यास अपवादात्मक कारण, महिला पोलीस अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. रिझर्व्ह बँक तर व्यक्तींची खातीच ठेवत नाही, तेव्हा तिथे रक्कम वळवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. संविधान चौकाजवळ आपल्या शहरात तिची एवढी मोठी इमारत उभी असूनही सुशिक्षित माणसे या एका मुद्द्यावर फसतात, याचे मला राहून राहून नवल वाटते.

शिक्का, राजमुद्रा, न्यायालयाचा आदेश असे कागद मोबाईलवर आले तरी विचलित होऊ नये. हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दाम्पत्याला सर्वोच्च न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून १ कोटीहून अधिक रुपयांना लुबाडण्यात आले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली, यावरून असे कागद किती हुबेहूब बनतात याची कल्पना यावी. शंकाच वाटली तर समोरच्याला पोलीस ठाण्याचे नाव विचारावे, मी माझ्या भागातील ठाण्यात जाऊन विचारते असे सांगावे, आणि खरोखर जावे.

मनीषनगरवाले

आपणा सर्वांचे आभार. बायोमेट्रिक लॉक काल रात्रीच केले आणि पडताळणीच्या नोंदींत अनोळखी असे काही आढळले नाही. आईच्या नावावर तिचा एकच मोबाईल क्रमांक दिसतो आहे.

मात्र आता वेगळीच अडचण उभी राहिली आहे. ती कोणाचाच फोन उचलत नाही. गॅस सिलिंडर घेऊन आलेला माणूस खालून फोन करून परत गेला आणि रक्ततपासणी केंद्राचाही फोन तिने घेतला नाही. माझा पीपीओ त्यांना मिळालाच कुठून, हे ती पुन्हा पुन्हा विचारते, आणि आपल्याच कार्यालयातल्या कुणीतरी तो दिला असावा असा संशय तिच्या मनात बसला आहे.

निवृत्त शाखाधिकारी

नेमका कुठून मिळाला हे सांगता येणार नाही, आणि जुन्या सहकाऱ्यांवर संशय घेण्याचे तर काहीच कारण नाही. आपली माहिती किती ठिकाणी उघडी पडलेली असते हे पाहिले म्हणजे त्यांना थोडे हायसे वाटेल. निवृत्तांच्या व्हॉट्सॲप गटांवर नाव, पीपीओ आणि शाखेसह संपूर्ण याद्या फिरताना मी पाहिल्या आहेत. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, आपल्या माणसांची कामे अडू नयेत म्हणून तो पाठवतो. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढण्यासाठी आपण आधारची फाईल दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर टाकतो आणि ती त्याच्या संगणकावर तशीच पडून राहते. लॉजमध्ये, सिम विकणाऱ्याच्या टेबलावर, सोसायटीच्या भाडेकरू नोंदणीत आपण दिलेल्या प्रती कुठे जातात, हे आपण कधी विचारत नाही.

यापुढे आधारची प्रत द्यावीच लागली तर मास्क्ड आधार द्यावे. त्यात शेवटचे ४ आकडे तेवढे दिसतात आणि ते आधारच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. प्रतीवर कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला दिली हे आडवे लिहून सही करण्याची जुनी सवयही सोडू नये.

फोन न उचलण्याबद्दल मात्र त्यांना समजवा. धोका फोन उचलण्यात नसून त्यावर माहिती सांगण्यात, लिंक दाबण्यात किंवा स्क्रीन दाखवणारे ॲप उतरवून घेण्यात आहे. कागदावर ठळक अक्षरांत एकच वाक्य लिहून फोनच्या चार्जरजवळ चिकटवा: "मी फोनवर माहिती देत नाही, कार्यालयात येऊन देईन." पुढे काय बोलायचे हे आधीच ठरलेले असले की भीती निम्मी होते. आमच्या घरी हे वाक्य मराठीत एकदा आणि हिंदीत एकदा असे दोन्ही लिहिलेले आहे.

इतवारीकर

माझे किराणाचे दुकान आहे, त्यामुळे सगळ्या तऱ्हेची माणसे भेटतात. सध्या फोनपेक्षा फाईल अधिक येते. वाहतूक विभागाच्या चलानाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाईल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल) येते, आणि चौकाचौकांत कॅमेरे असल्यामुळे आपला सिग्नल कुठेतरी चुकला असेल असे वाटून माणूस ती दाबतो. ती फाईल फोनमध्ये बसली की ओटीपीचे संदेश परस्पर वाचते, मग कुणाला काही सांगावे लागतच नाही. चलान खरे आहे का ते शासनाच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून पाहावे. कोणतेही सरकारी खाते व्हॉट्सॲपवर एपीके पाठवत नाही.

पैसे गेलेच तर काय करायचे, हेही इथे असावे म्हणून लिहितो. आमच्या नात्यातील एका गृहस्थांनी आधी घरच्यांशी, मग बँकेतल्या ओळखीच्या माणसाशी बोलण्यात पूर्ण दुपार घालवली, आणि तोवर रक्कम तीन-चार खात्यांतून पुढे निघून गेली होती.

सदरचा वकील

इतवारीकरांनी महत्त्वाचा मुद्दा काढला. रक्कम गेल्याचे कळताच पहिला फोन १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर करावा, कारण तेथून रक्कम ज्या खात्यात गेली त्या बँकेला कळवून ती गोठवण्याची व्यवस्था आहे. हाताशी व्यवहाराचा यूटीआर (म्हणजे ओळख) क्रमांक, वेळ आणि रक्कम असावी. बँकेच्या संदेशात हे सारे असते. नोंदीचा पोचक्रमांक मिळतो, तो घेऊन सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर पूर्ण तक्रार भरावी. गोठवलेली रक्कम परत मिळवण्यासाठी पुढे न्यायालयाचा आदेश लागू शकतो, पण आधी ती गोठली तर पाहिजे.

निवृत्त शाखाधिकारी

त्यात बँकेच्या बाजूने एक भर घालतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतःच ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत झालेले नुकसान ग्राहकाचे, आणि कळवल्यानंतर होणारे बँकेचे. त्यामुळे १९३० सोबतच बँकेलाही तत्काळ कळवून त्याची वेळ नोंदवलेली पोच घ्यावी.

मनीषनगरवाले

आमचे पैसे गेलेले नसताना तक्रार नोंदवता येते का? आणि आईने पासबुकाचा फोटो पाठवला ते व्हॉट्सॲपवरील संभाषण काढून टाकावे का?

सदरचा वकील

नोंदवता येते आणि अवश्य नोंदवावी. संचार साथीवरच चक्षू नावाची सोय आहे. फसवणुकीचा केवळ प्रयत्न झाला असेल तरी तो फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सॲप क्रमांक तिथे कळवता येतो. मात्र फार दिवस जाऊ देऊ नका, कारण तिथे अलीकडच्या काळातलीच नोंद घेतली जाते.

संभाषण काढून टाकू नका. फोटो त्यांनी पाहिलेला आहेच, आता तो पुसल्याने तुमच्याकडचा पुरावा तेवढा जाईल. दोन्ही क्रमांकांचे आणि कॉलच्या वेळांचे स्क्रीनशॉट काढून ते स्वतःच्या फोनवर घ्या, चक्षूवर तक्रार भरा, आणि त्यानंतरच ते क्रमांक आईंच्या फोनवर ब्लॉक करा.